फरकाला दात नसतात

माझी पोरगी आता अडीच वर्षांची हाय. उड्या मारते, शेजारच्या ओट्यावरनं पडते, उठून परत चढते, तरी मी दिवसातनं दहा वेळा तिला धरते अन् आधी पाय चाचपते, मग पोट. आमचे हे म्हणतात, "आगं सोड तिला, ती काय अंडं हाय का?" हात लावायच्या आधी मी माझा हात काखेत दाबून धरते, मनात वीसपर्यंत मोजते, मगच लावते. ही सवय माझी नाय. ही कौसामावशीची.

मला लिहायची सवय नाय. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पण मावशीबद्दल कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे असं मला लय दिवस वाटतंय, अन् माझ्याशिवाय लिहिणार कोण? लोक तिला कोंबडीवाली मावशी म्हणायचे अन् पुढं जायचे.

माझं माहेर हरसूलकडं. लग्न करून पंचवटीत आले. हे मार्केटला भाजीच्या गाड्या उतरवतात, अन् मी दिंडोरी रोडच्या एका हॅचरीत कामाला लागले. हॅचरी म्हणजे अंडी उबवायचा कारखाना. खोलीएवढी कपाटं, आत ट्रेवर ट्रे, एकवीस दिवस ऊब द्यायची की पिल्लं बाहेर. पहिल्या दिवशी मी दारातच उभी राहिले. आतनं घुं घुं आवाज, गरम वाफ, कोंबडीचा वास, मला वाटलं हे काम आपल्याच्यानं होणार नाय, मी पहिल्यापास्नं भित्री, पाल दिसली तरी मला घाम फुटतो. तेवढ्यात एक बाई आली. बुटकी, सावळी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोक्याला फडकं, अन् उजवा हात डाव्या काखेत. मला वाटलं हिचा हात मोडलाय.

"नाव काय शे तुझं?"

"पूनम."

"हात दे."

तिनं काखेतला हात काढून माझा हात धरला. असा गरम हात मी कुणाचा बघितला नव्हता, तव्यावरनं उतरवलेल्या भाकरीसारखा.

"गार शे तुझा," ती म्हणली. "असल्या हातानं अंड्याला शिवशील तर सगळीच अंडी तापलेली वाटतील. गार हाताला सगळंच गरम लागतं. आधी आपला हात खरा करायचा, मग दुसऱ्याचं माप काढायचं. काय सांगितलं?"

"आधी आपला हात खरा करायचा."

"हां. घाल काखेत."

सटाण्याकडची होती ती, तिच्या बोलण्यात 'हाय'च्या जागी मधूनच 'शे' यायचं, 'हायत'च्या जागी 'शेत'. शाळा चौथीपर्यंत. पण त्या हॅचरीत सुपरवायझर होता, डिप्लोमा झालेला, तोसुद्धा मशीनचं दार उघडायच्या आधी तिच्या तोंडाकडं बघायचा.

तिथं दोन मशीनं होती. एक जुनं लाकडी, त्याच्या काचेत पाऱ्याची नळी. दुसरं नवं स्टीलचं, त्याला लाल आकडे. माझ्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी जुन्याचा आकडा बघितला, साडेनव्याण्णव. नव्याचा बघितला तर साडेसदतीस. मी जी पळत सुटले ती थेट मावशीपाशी. "मावशी, नवीन मशीन बंद पडलंय, आतली अंडी गारठली, सगळी मेली असतील!" बाया ज्या हसल्या, एकीनं तर ट्रे खाली ठेवला अन् मांडी घालून बसून हसली. मावशी हसली नाय. तिनं मला दोन्ही मशीनांच्या मधी उभं केलं अन् माझा एक हात या दारावर ठेवला, एक त्या दारावर.

"कुठलं गरम?"

"सारखंच लागतंय."

"सारखंच शे. याचा आकडा मोठा, त्याचा बारका. ऊब तेवढीच." मग जरा थांबून म्हणली, "काही माणसंबी मोठ्या आकड्याची असतात. शंभर-शंभर बोलतात. हात लावला की कळतं, सदतीसच शे. माझा नवरा तसाच होता."

शाळेत ते फॅरेनहाइट अन् सेल्सियस म्हणून शिकवतात हे मला नंतर कळलं. मावशी कधी ती नावं घेत नव्हती. मोठा आकडा अन् बारका आकडा, बस. दवाखान्यात, रेडिओवर, तापमापीवर, जिथं आकडा दिसेल तिथं ती आधी विचारायची, "मोठा का बारका?" चहासुद्धा ती ओठाला लावून सांगायची, "बारके साठ शेत, थांब जरा." अन् सुपरवायझर सकाळी तणतणत आला की हळूच, "आज साहेब मोठ्या आकड्यात शेत."

मी एकदा विचारलं, "मावशी, तुला हे कुणी शिकवलं?"

"बादलीनं," ती म्हणली.

मला वाटलं चेष्टा करतेय. पण खरंच बादलीनं. नवं मशीन आलं तेव्हा कुणालाच कळेना, जुन्या वहीत सगळे मोठे आकडे अन् मशीन बोलतंय बारके. तेव्हाचा साहेब कागदावर काहीतरी गुणाकार-भागाकार करायचा अन् दर वेळी वेगळं उत्तर यायचं. मावशीनं मग काय केलं, दुपारच्या सुट्टीत एका बादलीत बर्फ घातला, अन् दोन्ही तापमाप्या, मोठ्या आकड्याची अन् बारक्या आकड्याची, एकाच दोरीला बांधून आत सोडल्या. बारकीनं दाखवलं शून्य, मोठीनं दाखवलं बत्तीस.

"मला आधी वाटलं एकजण खोटं बोलतोय," मावशी सांगायची. "मग ध्यानात आलं, दोघंबी एकाच पाण्यात उभे. पण एकजण जन्मतःच बत्तीस पायऱ्या चढून बसलेला."

मग तिनं तांब्या-तांब्यानं ऊन पाणी घालायला सुरुवात केली. घालायची, ढवळायची, थांबायची, बघायची, अन् मागच्या भिंतीवर कोळशानं लिहायची. बारका पाच पायऱ्या चढला की मोठा नऊ चढतो. परत पाच, परत नऊ. एका दुपारी पुरं झालं नाय म्हणून आठवडाभर दुपारचं जेवण उभ्याउभ्या खाल्लं. ती भिंत मी बघितलीय. चुना दिला तरी ती लिहिलेली पट्टी तेवढी सोडून देत. शून्य बत्तीस, पाच एक्केचाळीस, दहा पन्नास, पंधरा एकोणसाठ, वीस अडुसष्ट, पंचवीस सत्त्याहत्तर, तीस शहाऐंशी, पस्तीस पंच्याण्णव, चाळीस एकशे चार. आम्ही बाया पिल्लं मोजताना पाढ्यासारखं म्हणायचो, एक बाई बारका म्हणायची, दुसरी मोठा. मी गणितात नापास झालेली, पण तो पाढा मला झोपेतसुद्धा यायचा.

अन् मधल्या आकड्यांसाठी तिचं निराळंच सूत्र होतं. बारका आकडा दुप्पट कर. त्यातला दहावा हिस्सा देवाचा म्हणून काढून ठेव. राहिल्यात बत्तीस दात घाल. झाला मोठा. साडेसदतीस घे, दुप्पट पंचाहत्तर, दहावा हिस्सा साडेसात देवाला, राहिले साडेसदुसष्ट, त्यात बत्तीस दात, साडेनव्याण्णव! मला तर अंगावर काटा आला. कॅल्क्युलेटर घेऊन मी चार-पाच आकडे करून बघितले, एकदासुद्धा चुकलं नाय. मी म्हणलं, "मावशी, पण तुझे तर दात बत्तीस नाय राहिले." ती तोंड उघडून दाखवायची, "सव्वीस शेत. पण हिशोबाला बत्तीसच धरायचे."

तिची एक गोष्ट आठवली की अजून माझं काळीज धडधडतं. नव्या मशीनवर लाल आकडे साडेसदतीस दाखवत होते, एकदम बरोबर. सुपरवायझरनं वहीत बरोबरची खूण केली. मावशी जाता जाता थांबली. दार उघडलं, मधल्या ट्रेमधलं एक अंडं घेतलं, डोळा मिटला अन् पापणीवर ठेवलं. पापणीची कातडी सगळ्यात पातळ, तिला खोटं बोलता येत नाय, असं ती म्हणायची. दुसरं अंडं घेतलं, दुसऱ्या पापणीवर ठेवलं.

"मोठे एकशे एक," ती म्हणली.

"मावशी, समोर साडेसदतीस लिहिलंय!" सुपरवायझर म्हणला. "म्हणजे साडेनव्याण्णव. तुमचंच सूत्र हाय ना?"

"सूत्र बरोबर शे साहेब. मशीन चुकतंय. तुम्ही चुकीचा आकडा बरोबर फिरवला."

पाऱ्याची नळी आत घातली. पाच मिनिटं आम्ही सगळ्या दाराशी डोकी लावून उभ्या. एकशे एक! एक केसभर इकडं नाय की तिकडं नाय. आतली वायर ढिली झाली होती. हजारो अंडी आतल्या आत शिजली असती. सुपरवायझरनं टोपी काढली अन् परत घातली. मावशी तोवर ट्रे उचलून चालायला लागली होती, हात परत काखेत.

अन् दुसरी गोष्ट त्याच सुपरवायझरची, ती मात्र हसायची हाय. पण पुढं माझ्यावर काय वेळ आली ते कळायला ती सांगितलीच पाहिजे. मशीनच्या कंपनीचा इंजिनियर फोनवर बोलला की शेवटचे तीन दिवस ऊब अर्धा डिग्री कमी करा. तो बोलला बारक्या आकड्यात. अन् करायचं होतं जुन्या मशीनवर, मोठ्या आकड्यात. सुपरवायझरनं मोबाईल काढला, अर्ध्याची दुप्पट एक, दहावा हिस्सा काढला, राहिले शून्य पूर्णांक नऊ, त्यात बत्तीस. "बत्तीस पूर्णांक नऊ!" तो ओरडला. "मावशी, बत्तीस डिग्री कमी करायची? मग मशीन कशाला, अंडी अंगणातच ठेवू की!"

मावशी त्या दिवशी पहिल्यांदा इतकी हसली की तिला ठसका लागला.

"साहेब, दात माणसाला असतात. चालीला असतात का? किती डिग्री हाय विचारलं तर दात घाला. किती वर-खाली करायची विचारलं तर घालू नका. एक तर चढूनच बसलाय ना बत्तीस पायऱ्या, मग दोघंबी बरोबरच चढणार-उतरणार." अन् मग ते वाक्य, जे आमच्यात म्हणच होऊन गेलं, "फरकाला दात नसतात."

मी पण हसले होते त्या दिवशी. लय हसले होते.

मग मला दिवस गेले. सातवा सरून आठवा लागला अन् एक दिवस कळा सुरू झाल्या. पोरगी दीड महिना आधीच झाली. पावणेदोन किलोसुद्धा नाय, हातात घेतली तर काही घेतल्यासारखं वाटेना. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. मी पेटीच्या बाहेर बसून बघायची, वर लाल आकडे, अन् मला आमचं मशीनच आठवायचं. महिनाभरानं घरी सोडलं. तिथल्या सिस्टरनं मला एक कार्ड दिलं अन् बोट ठेवून सांगितलं, "साडेछत्तीस ते साडेसदतीस. याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. आंघोळ नको, अंग फक्त पुसायचं. रोज छातीशी घेऊन बसायचं, कातडीला कातडी." मी मान हलवली. मी सगळ्यालाच मान हलवते, भीतीनं.

सव्वा महिन्याला बारसं ठरलं. जानेवारीचा महिना, काय थंडी होती त्या साली, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवायला लागले होते. माझ्या सासूबाई वाईट नायत, हे मी आधीच सांगते. पोरीसाठी त्यांनी रात्रंदिवस केलंय. पण त्यांचं म्हणणं एकच, "पारोश्या अंगानं नाव कसं ठेवायचं गं? देवासमोर न्यायचं, कानात नाव सांगायचं, अन् अंगावर पाणी नाय?" मी म्हणलं, "आई, सिस्टर नको म्हणल्यात." त्या म्हणल्या, "सिस्टरच्या घरी बारसं नाय होत का? कोमट पाण्यानं घालते, दोन तांबे." मी काय बोलणार? मोरीत आंघोळ झाली. पोरगी आधी रडली, मग रडायची थांबली. सासूबाईंनी तिला नवीन झबलं घातलं, पाळण्यात ठेवलं अन् माझ्याकडं बघून हसल्या, "बघ कशी शांत झाली."

मला तरी धास्ती होती म्हणून मी मेडिकलमधनं आणलेली तापमापी तिच्या काखेत लावली. पंच्याण्णव. मला इतकं बरं वाटलं! शंभरच्या वर ताप असतो, अठ्ठ्याण्णव म्हणजे चांगलं, मग पंच्याण्णव म्हणजे अजून चांगलं. मी सासूबाईंना ओरडून सांगितलं, "आई, ताप अजिबात नाय!" आईच्यानं असं कसं झालं हो, तो पाढा मला झोपेत यायचा, अन् नेमक्या त्या वेळेला मला तो आठवलाच नाय.

दुपारी बाया जमल्या. दारात तोरण, पाळण्याला फुगे. गोपा म्हणून वरवंट्याला कुंची घालून ठेवलेला, आधी त्याला पाळण्यात घालायचं असतं ना, मग बाळाला. जी येईल ती वाकून बघायची अन् म्हणायची, "बाई, किती गुणाचं लेकरू! एवढ्या गलक्यात आवाज नाय." "माझी तर घर डोक्यावर घ्यायची." माझी नणंद, जिच्या हातनं नाव ठेवायचं होतं, ती म्हणली, "वहिनी, ही तुझ्यावर गेली, गरीब." मी हसत होते. मी माझ्या पोरीच्या शांतपणावर हसत होते.

तेवढ्यात कौसामावशी आली. हातात टोपडं अन् दोन पायमोजे, तिनं स्वतः विणलेले. दारातच उभी राहून हात काखेत घातला. माझ्या नणंदेनं मला कोपरानं ढोसलं, "ही कोण, थंडी वाजतेय का हिला?" मावशी पाळण्यापाशी आली, वाकली, दुपट्यात हात घालून पोरीचा पाय धरला. मग पोटाला हात लावला. परत पाय. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. मशीनपाशी अंडं पापणीवर ठेवलेलं असताना जसं तोंड व्हायचं, तसं झालं.

"तापमापी लावली का?"

"लावली ना मावशी. पंच्याण्णव. ताप नाय."

"कार्डावर काय लिहिलंय?"

"साडेछत्तीस."

"पाढा म्हण."

"आत्ता?"

"पूनम, पाढा म्हण."

मी म्हणायला लागले, तीस शहाऐंशी, पस्तीस... अन् माझं तोंड तिथंच उघडं राहिलं. पस्तीस पंच्याण्णव. कार्डावर साडेछत्तीसच्या खाली नको लिहिलेलं, अन् माझी पोरगी पस्तीसवर. ती शांत नव्हती. ती गार पडत होती, अन् आम्ही तिच्याभोवती फुगे लावले होते.

सासूबाई पुढं आल्या, पोरीच्या कपाळाला हात लावला, "अगं कोमट तर लागतेय!" मावशीनं त्यांचा हात धरला, नुकतीच भांडी विसळून आलेला ओला हात. "ताई, तुमचे हात गार पाण्यातले शेत. गार हाताला सगळं गरम लागतं." सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला. मावशी त्यांना रागानं नाय बोलली, उलट पाठीवर हात ठेवून म्हणली, "तुम्ही खिडक्या लावा. तुमच्याशिवाय कुणाला माहिती कुठली नीट लागत नाय."

मग तिनं हुकूमच सोडले. गडीमाणसं बाहेर. यांना म्हणली, "सागर, रिक्षा आणून दारात लाव, अन् तिथंच बस." मला भिंतीला टेकवून बसवलं, ब्लाउज सोडायला लावलं, पोरीचं झबलं काढलं, टोपडं अन् पायमोजे घातले अन् उघडं लेकरू माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरनं शाल, शालीवरनं गोधडी. बर्फाचा गोळा ठेवावा तसं झालं मला. बाया उभ्याच होत्या, हातात हळदीकुंकू घेऊन. मावशी त्यांच्याकडं वळली.

"बघत काय उभ्या राहिल्या? बसा हिच्याभोवती. गोल. जवळ, अजून जवळ. गारठलेली पिल्लं काय करतात? एकमेकांना चिकटतात. चिकटा!"

अन् त्या बसल्या! जरीच्या साड्या, नथी, गजरे, सगळ्या माझ्याभोवती खांद्याला खांदा लावून. वारं यायला जागा राहिली नाय.

मी सिस्टरला फोन लावला. मावशीनं माझ्या हातनं फोन घेतला, स्पीकरवर टाकला अन् सगळं सांगितलं. सिस्टर म्हणली, "अगदी बरोबर केलं, छातीवरच ठेवा. तासाभरात दीड डिग्री वर आलं पाहिजे अन् बाळानं दूध ओढलं पाहिजे. नाही झालं, किंवा आणखी मलूल वाटलं, तर एक मिनिट न थांबता इकडं निघा, येतानाही छातीवरच घ्या."

दीड डिग्री. मी तो एक शब्द धरून बसले. पंधरा मिनिटांनी तापमापी लावली, साडेपंच्याण्णव. मी मोजत होते, पोरीचा श्वास मोजत होते, माझा मोजत होते, माझं कुठलं अन् तिचं कुठलं कळेना. अर्ध्या तासानं शहाण्णव. पाऊण तास होऊन गेला, परत लावली. साडेशहाण्णव.

"झालं!" मी ओरडले. "पंच्याण्णवचे साडेशहाण्णव, दीड झालं, मावशी, दीड झालं!" बायांनी हात जोडले, नणंद रडायला लागली, कुणीतरी उठून पाळण्याची दोरी धरली. सासूबाई पोरीला घ्यायला वाकल्या. मी शाल काढायला लागले.

"थांब." मावशीचा हात माझ्या हातावर. गरम. "दीड कुणाचं म्हणली सिस्टर? मोठं का बारकं?"

मी हातातल्या तापमापीकडं बघितलं.

"दवाखाना बारका बोलतो. तुझी तापमापी मोठी शे. दीड बारके म्हणजे मोठे किती?"

माझं डोकं चालेना. दीडची दुप्पट तीन. दहावा हिस्सा देवाचा काढला, राहिले दोन पूर्णांक सात. अन् मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "त्यात बत्तीस... चौतीस डिग्री वर? मावशी, मरेल ती!"

मावशीनं माझी हनुवटी धरली. सगळ्या बाया ऐकत होत्या, ती एकटी माझ्याशीच बोलली.

"फरकाला काय नसतं?"

मला हुंदका आला. "दात नसतात."

"हां. मग पंच्याण्णवात दोन पूर्णांक सात. सत्त्याण्णव पूर्णांक सात. तोवर शाल काढायची नाय. अजून अर्धी वाट राहिलीय, मधीच उतरून कुठं चालली?"

शाल परत बांधली. बाया परत बसल्या. सत्त्याण्णव झाले. बाहेर हे रिक्षात बसल्या बसल्या विचारत होते, "काय झालं? कुणी सांगाल का?" तास पुरा व्हायला आला तशी माझ्या छातीवर काहीतरी हललं. पोरीनं तोंड इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, अन् धरलं. ओढायला लागली. इतकं जोरात की मी आई गं म्हणले. तापमापी वाजली, मावशीनं लांब धरून वाचली, मग मला दाखवली, मग सासूबाईंना दाखवली, त्यांना आकडे वाचता येत नायत तरी.

सत्त्याण्णव पूर्णांक सात.

दूध सुटल्यावर ती जी रडली! घर डोक्यावर घेतलं. बारशाला बाळ रडलं तर बाया दृष्ट काढतात, आमच्या बाया टाळ्या वाजवत होत्या. सासूबाई म्हणल्या, "नाव तरी ठेवायचं ना, का पाळण्यात नको?" त्यांचा आवाज इतका लहान झाला होता. मावशी म्हणली, "ठेवायचं तर. कान इथंच शे. पाळण्यात तुमचा गोपा घाला अन् द्या झोका, वरवंट्याला गारठा बाधत नाय." अन् तसंच झालं. बाया वरवंट्याला झोका देऊन पाळणा म्हणत होत्या, अन् माझ्या छातीवर, गोधडीत तोंड घालून, नणंदेनं माझ्या लेकीच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं. ईश्वरी. संध्याकाळ व्हायच्या आत तिला छातीवर घेऊनच दवाखान्यात दाखवून आणलं. सिस्टरनं तपासलं अन् विचारलं, "दीडचं गणित कुणी केलं?" मी म्हणलं, "आमच्या हॅचरीतल्या मावशीनं." तिला वाटलं मी घाबरून काहीतरी बोलतेय.

पुढं सासूबाईंनी तापमापीचा आकडा वाचायला शिकून घेतला. त्या अजून कुणाच्या घरी लहान लेकरू झालं की जाऊन सांगतात, पारोसं राहू द्या, देवाला चालतं.

मावशीला मी शेवटचं बघितलं ते मागच्या वर्षी. गुडघे गेले म्हणून काम सोडून ती भावाकडं सटाण्याला निघाली. मी ईश्वरीला घेऊन स्टँडवर गेले. मावशीच्या दोन्ही हातात पिशव्या, एकीत तिची पाऱ्याची नळी मोज्यात गुंडाळलेली. मी म्हणलं, दे माझ्याकडं, तर नाय दिल्या. गाडी लागली, कंडक्टर ओरडायला लागला, "चला आजी, जागा धरा, गप्पा घरी!" ती चढली, खिडकीत बसली. मी पोरीला वर उचललं. खिडकीतनं हात बाहेर आला, सवयीनं पहिला पायाशी गेला.

ईश्वरीनं पाय आखडून घेतला. "गार!" ती म्हणली.

मी तो हात धरला. अन् खरंच गार होता. बर्फासारखा. सगळा वेळ पिशव्या धरलेल्या, काखेत घालायला तिला मोकळा मिळालाच नव्हता. इतकी वर्षं मी समजत होते की या बाईचा हातच देवानं गरम केलाय. तो गरम नव्हताच कधी. दर वेळी, दर अंड्याला, दर लेकराला शिवायच्या आधी ती तो करून घेत होती.

"मावशी, किती गार शे गं तुझा," मी म्हणलं. तिचं 'शे' माझ्या तोंडात आलं. मी दोन्ही तळव्यात धरून चोळायला लागले.

"राहू दे," ती हसली. "पोरगी गरम शे ना, मग झालं."

गाडी मागं सरकली, हात सुटला. मी पोरीला कडेवर घेऊन तिथंच उभी. गाडी वळली तेव्हा मावशीच्या शेजारच्या सीटवर कुणीतरी बाई तान्हं लेकरू घेऊन बसताना दिसली. अन् मावशीनं दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या अन् उजवा हात डाव्या काखेत घातला.